स्टारडस्ट आला की नाही? एका सिंक्रो समनचं प्रकरण

डाव मध्यावर आलेला. खेळ कोनामीचा यु-गि-ओ, मॉन्स्टरच्या पत्त्यांचा, दोघांचीही सुरुवात ८००० लाइफ पॉइंटवरून झालेली. ज्याची पाळी चालू आहे त्याला इथे टर्नवाला म्हणू, दुसऱ्याला समोरचा.

टर्नवाल्याच्या मैदानात एकच मॉन्स्टर उभा आहे, सँगन: लेव्हल ३, अटॅक १०००. तो मागच्या टर्नला नॉर्मल समन (हातातून मैदानात आणणं, टर्नला एकदाच) करून ठेवलेला. ग्रेव्हयार्डमध्ये (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगात) डॉपेलवॉरियर पडलाय, लेव्हल २. हातात जंक सिंक्रॉन आणि मॉन्स्टर रिबॉर्न. समोरच्याचं मैदान रिकामं, पण मागच्या रांगेत दोन पत्ते पालथे: सॉलम जजमेंट (अर्धे लाइफ पॉइंट भरून समन रद्द करणारा) आणि टोरेन्शियल ट्रिब्यूट (समन झाल्यावर मैदानातले सगळे मॉन्स्टर नष्ट करणारा). त्याचे लाइफ पॉइंट ६२००.

टर्नवाला जंक सिंक्रॉन नॉर्मल समन करतो. लेव्हल ४ किंवा त्याखालचा मॉन्स्टर असल्यामुळे ट्रिब्यूट (मैदानातला मॉन्स्टर बळी देणं) लागत नाही. ५-६ ला एक आणि ७ पासून वर दोन लागले असते. जंक सिंक्रॉन नॉर्मल समन झाला की ग्रेव्हयार्डमधला लेव्हल २ किंवा त्याखालचा एक मॉन्स्टर डिफेन्समध्ये परत आणता येतो, त्याचे इफेक्ट मात्र नेगेट (निष्प्रभ) होतात. अशा रीतीने डॉपेलवॉरियर परत मैदानात. समोरचा दोन्ही वेळा गप्प बसतो.

आता लेव्हलची बेरीज बघा: जंक सिंक्रॉन ३, सँगन ३, डॉपेलवॉरियर २. एक ट्यूनर (जंक सिंक्रॉन), दोन नॉन-ट्यूनर, एकूण ८. लेव्हल ८ च्या स्टारडस्ट ड्रॅगनच्या सिंक्रो समनला (ट्यूनर आणि इतर मॉन्स्टर ग्रेव्हयार्डला पाठवून त्यांच्या बेरजेइतक्या लेव्हलचा मॉन्स्टर आणणं) नेमकं हेच हवं.

टर्नवाला तिन्ही पत्ते एका हाताने गोळा करतो, ग्रेव्हयार्डवर ठेवतो, दुसऱ्या हाताने एक्स्ट्रा डेकमधून (अशा मॉन्स्टरच्या वेगळ्या गठ्ठ्यातून) स्टारडस्ट काढून मधल्या झोनमध्ये आपटतो आणि एका श्वासात म्हणतो, "स्टारडस्ट, डॉपेलचे दोन टोकन, सँगनने सर्च." (डॉपेलवॉरियर सिंक्रो मटेरिअल म्हणून गेला की दोन टोकन, म्हणजे पत्त्याविना मॉन्स्टर, येतात; सँगन मैदानातून ग्रेव्हयार्डला गेला की डेकमधून एक मॉन्स्टर शोधता येतो.) बोलता बोलता दोन टोकन मांडूनही झाले, हात डेकवर गेला, डेक उचलला. तेवढ्यात समोरचा सॉलम जजमेंट उलटतो: "समन नेगेट."

इथून वादांची माळ सुरू होते. टर्नवाल्याचं म्हणणं असं: एक, सॉलम उशिरा आलं, मी पुढे गेलो होतो. दोन, उशिरा नसेल तरी माझा स्टारडस्ट स्वतःला ट्रिब्यूट करून ते थांबवेल. तीन, तेही नसेल तर टोकन आणि सर्च तरी माझेच. आणि चार, एवढं सगळं झाल्यावर मी रिबॉर्नने स्टारडस्ट परत आणतो.

चारांपैकी अर्धाच दावा टिकतो, सर्चचा.

सॉलम उशिरा आलं का

नाही. हा मुद्दा नियमपुस्तकापेक्षा टेबलावरच्या सवयीमुळे जास्त बिघडतो.

सिंक्रो समनचे टप्पे असे पडतात. आधी कोणते मॉन्स्टर वापरतोय ते दाखवायचं. मग ते मटेरिअल ग्रेव्हयार्डला पाठवायचं. मग सिंक्रो मॉन्स्टर झोनमध्ये ठेवायचा. या घडीला पत्ता टेबलावर दिसतो, पण नियमांच्या हिशेबाने मॉन्स्टर अजून मैदानात पोचलेला नाही. तो उंबऱ्यावर आहे. "समन होत असताना" चालणारे पत्ते, म्हणजे सॉलम जजमेंट, सॉलम वॉर्निंग, सॉलम स्ट्राइक, समन अडवायला फक्त याच फटीत चालतात. समोरच्याने ही फट सोडली की समन यशस्वी ठरतो. त्यानंतर ट्रिगर इफेक्ट (काही घडलं की चालणारे), आणि "समन झाल्यावर" चालणारे टोरेन्शियल ट्रिब्यूटसारखे पत्ते.

टर्नवाल्याने पहिल्या टप्प्यापासून थेट ट्रिगरवर उडी मारली. आपण घाई केली म्हणून समोरच्याची फट बंद होत नाही. ती बंद होते त्याच्या होकाराने, किंवा त्याला पुरेसा वेळ मिळूनही तो काहीच न करता पुढच्या गोष्टीकडे वळला तर. इथे त्याला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता. म्हणून सॉलम वेळेत, आणि मांडलेले टोकन उचलायचे.

एक बारकावा जज लोकांनी इथे तपासायला हवा: डेक कुठपर्यंत गेला होता? नुसता उचलला असेल तर काहीच बिघडलं नाही. आतले पत्ते टर्नवाल्याने बघितले असतील तरी या विशिष्ट प्रकरणात नुकसान थोडं, कारण पुढे दिसेल तसं सँगनचा सर्च दोन्ही वाटांनी होणारच आहे. पण शोधलेला पत्ता त्याने दाखवून झाला असता आणि तो बघून समोरच्याने सॉलम उलटलं असतं, तर गोष्ट वेगळी. मग समोरच्याला न मिळायची माहिती हातात घेऊन निर्णय घेता आला असता. अशा वेळी मागे जाऊ द्यायचं का, हे जजने फार जपून ठरवावं.

स्टारडस्ट स्वतःला वाचवू शकतो का

स्टारडस्टचा इफेक्ट प्रसिद्ध आहे: मैदानातला पत्ता नष्ट करणारा कुठलाही पत्ता किंवा इफेक्ट चालवला गेला की स्टारडस्टला ट्रिब्यूट करून ते नेगेट करता येतं आणि तो पत्ता नष्ट होतो. सॉलमच्या मजकुरात समन नेगेट करून "तो पत्ता नष्ट करा" असं आहेच. म्हणून हा दावा वरवर पटतो.

तो दोन स्वतंत्र कारणांनी पडतो, आणि दोन्ही लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं कारण वरचंच. स्टारडस्ट अजून मैदानात नाही. जो आलेलाच नाही त्याला ट्रिब्यूट करता येत नाही, आणि सॉलम जे नष्ट करतंय तोही मैदानातला पत्ता नव्हे.

दुसरं कारण स्पेल स्पीडचं, म्हणजे कुठला पत्ता कुठल्याला उत्तर देऊ शकतो याचं. सॉलम जजमेंट हा काउंटर ट्रॅप, स्पीड ३. त्याला उत्तर फक्त स्पीड ३ नेच देता येतं, म्हणजे दुसऱ्या काउंटर ट्रॅपने. स्टारडस्टचा क्विक इफेक्ट स्पीड २. समजा मैदानात आधीच दुसरा स्टारडस्ट उभा असता आणि समोरच्याने या नव्या समनवर सॉलम टाकलं असतं, तरी तो जुना स्टारडस्ट नुसता बघत राहिला असता.

टर्नवाल्याकडे पालथा सेव्हन टूल्स ऑफ द बँडिट असता तर मात्र चित्र पालटलं असतं. १००० लाइफ पॉइंट भरायचे, ट्रॅप नेगेट करायचा. तोही काउंटर ट्रॅपच, त्यामुळे सॉलमवर चेन होतो (उत्तर म्हणून जोडला जातो). मग सॉलम निकामी, समन पूर्ण, स्टारडस्ट रीतसर मैदानात, आणि समोरच्याने भरलेले अर्धे लाइफ पॉइंट गेले ते गेलेच. ती किंमत आहे. पत्ता चालवतानाच भरली जाते आणि पत्ता नेगेट झाला तरी परत मिळत नाही.

टोकन नाही, सर्च आहे

सगळ्यात जास्त भांडण इथेच होतं. दोन पत्ते एकाच वेळी, एकाच हाताने, एकाच ढिगात ग्रेव्हयार्डला गेले. एकाचा इफेक्ट चालतो, दुसऱ्याचा नाही. असं कसं?

सँगन विचारतो एकच प्रश्न: मी मैदानातून ग्रेव्हयार्डला गेलो का? गेला. मटेरिअल पाठवण्याचं काम सॉलमच्या आधीच झालेलं होतं, आणि समन नेगेट झाला म्हणून मटेरिअल परत उठून उभं राहत नाही. सॉलमची चेन संपली की नवी चेन सुरू होते, त्यात सँगन. शिवाय सँगनच्या मजकुरात "करू शकता" असा पर्याय नाही. इफेक्ट सक्तीचा आहे, टर्नवाला विसरला तरी तो होणार.

डॉपेलवॉरियरचा प्रश्न वेगळा: मी सिंक्रो मटेरिअल म्हणून गेलो का? सिंक्रो समन तर झालाच नाही. जो समन घडला नाही त्याचं मटेरिअल कोणी असू शकत नाही. तो नुसताच ग्रेव्हयार्डला गेला, म्हणून टोकन नाहीत.

इथे टर्नवाल्याच्या बाजूने एक चुकीचा युक्तिवाद आणि समोरच्याच्या बाजूनेही एक चुकीचा युक्तिवाद हमखास निघतो. समोरचा म्हणतो, "डॉपेलचे इफेक्ट जंक सिंक्रॉनने नेगेट केले होते, म्हणून टोकन नाहीत." उत्तर बरोबर, कारण साफ चूक. ते नेगेट होणं डॉपेल मैदानात उताणा असेपर्यंतच लागू. टोकनचा इफेक्ट ग्रेव्हयार्डमध्ये गेल्यावर चालतो. स्टारडस्टचा समन यशस्वी झाला असता तर जंक सिंक्रॉनने आणलेल्या डॉपेलनेही दोन टोकन दिलेच असते. चुकीच्या कारणाने बरोबर निकाल लावला की पुढच्या डावात चुकीचा निकाल लागतो, तो असा.

टर्नवाल्याचा उलटा घोळ: "नेगेट झालेला मॉन्स्टरही ग्रेव्हयार्डला जातो, मग सँगनचाच नॉर्मल समन नेगेट झाला तरी सर्च मिळेल." नाही मिळणार. सँगन तेव्हा उंबऱ्यावर असतो, मैदानात नसतो. "मैदानातून" ही अट पुरी होत नाही. मटेरिअल म्हणून गेलेला सँगन आणि स्वतःचाच समन नेगेट झालेला सँगन, दोन्ही शेवटी ग्रेव्हयार्डमध्येच दिसतात, पण वाटा वेगळ्या.

सर्चची मर्यादाही सांगायला हवी. डेकमधून १५०० किंवा कमी अटॅकचा मॉन्स्टर हातात घेता येतो, पण त्याच नावाचे पत्ते किंवा त्यांचे इफेक्ट त्या टर्नला चालवता येत नाहीत. म्हणून इफेक्ट व्हेलरसारखा पत्ता घेणं शहाणपणाचं: त्याचा अटॅक ०, आणि तो तसाही समोरच्याच्या मेन फेजमध्येच चालतो. बंदीची झळ लागतच नाही. दुसरा जंक सिंक्रॉन (अटॅक १३००) घेता येतो, पण या टर्नचा नॉर्मल समन संपलाय.

रिबॉर्नचा दावा

मॉन्स्टर रिबॉर्न कुणाच्याही ग्रेव्हयार्डमधला एक मॉन्स्टर निवडून परत आणतो. स्टारडस्ट ग्रेव्हयार्डमध्ये पडलेला आहे. तरी तो निवडता येत नाही.

एक्स्ट्रा डेकच्या मॉन्स्टरला आधी एकदा त्याच्या स्वतःच्या पद्धतीने रीतसर समन व्हावं लागतं: सिंक्रोला सिंक्रो समन, फ्युजनला फ्युजन समन. ते एकदा झालं की मग ग्रेव्हयार्डमधून किंवा बॅनिश झालेल्या (खेळाबाहेर काढलेल्या) जागेवरून इतर इफेक्टने परत आणता येतं. नेगेट झालेला समन रीतसर धरला जात नाही. पत्त्याचा दाखलाच तयार झालेला नाही म्हणा. आणि तयार झालेला दाखलासुद्धा पत्ता एक्स्ट्रा डेकमध्ये परत गेला की रद्द. मग पुन्हा पहिल्यापासून.

याच नियमाचा दुसरा चेहरा स्टारलाइट रोडमध्ये दिसतो. आपले दोन किंवा जास्त पत्ते नष्ट करणारा इफेक्ट आला की तो नेगेट करून हा ट्रॅप स्टारडस्टला एक्स्ट्रा डेकमधून थेट आणतो. तो स्टारडस्ट मैदानात नीट उभा राहतो, हल्ला करतो, स्वतःला ट्रिब्यूट करून नेगेटही करतो. पण एरवी असा ट्रिब्यूट झालेला स्टारडस्ट एंड फेजला (टर्नच्या शेवटी) ग्रेव्हयार्डमधून परत येतो, तसा हा येत नाही, कारण त्याचा सिंक्रो समन कधी झालाच नव्हता. कितीतरी खेळाडू इथे नेगेट करून बसतात आणि एंड फेजला हात चोळतात.

आपल्या प्रकरणात टर्नवाल्याने रिबॉर्न खाली ठेवून स्टारडस्टकडे बोट दाखवलेलं होतं. ते टार्गेटच बेकायदा, म्हणून पत्ता चाललाच नाही असं धरून तो हातात परत द्यायचा. तो वाया जात नाही. टर्नवाला दुसरं टार्गेट निवडू शकतो (जंक सिंक्रॉन, सँगन, डॉपेलवॉरियर तिघेही आहेत) किंवा पत्ता ठेवून देऊ शकतो. परत न देता येणारी एकच गोष्ट: त्याच्या हातात रिबॉर्न आहे हे समोरच्याला आता ठाऊक झालं.

निकालानंतरचं टेबल

सॉलमची किंमत अर्धे लाइफ पॉइंट: ६२०० चे ३१००. स्टारडस्ट नष्ट होऊन ग्रेव्हयार्डला. टोकन उचलले. सँगनची चेन: एक मॉन्स्टर शोधला, दाखवला, डेक पिसला, समोरच्याला कापायला दिला. टर्नवाल्याचं मैदान रिकामं, हातात रिबॉर्न आणि शोधलेला पत्ता, नॉर्मल समन खर्च झालेला. समोरच्याकडे टोरेन्शियल अजून पालथाच.

रिबॉर्नने जंक सिंक्रॉन आणला तरी त्याचा इफेक्ट चालत नाही. तो नॉर्मल समनवरच बांधलेला आहे. फार तर १३०० चा हल्ला, तोही टोरेन्शियल आड आला नाही तर. रिबॉर्न हातात ठेवणंच बरं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालंच, की स्टारडस्ट मधल्या झोनमध्ये ठेवला तिथेच चूक, एक्स्ट्रा मॉन्स्टर झोनमध्ये ठेवायला हवा होता. २०१७ साली लिंक मॉन्स्टर आले तेव्हा तसा नियम होता खरा. एप्रिल २०२० पासून फ्युजन, सिंक्रो आणि एक्सीझ मॉन्स्टर एक्स्ट्रा डेकमधून कुठल्याही मुख्य झोनमध्ये येतात. बंधन लिंकवर आणि एक्स्ट्रा डेकमधल्या उताण्या पेंड्युलमवर राहिलं.

समोरच्याने बरोबर वेळी पत्ता टाकला का

त्याच्यापुढे तीन वेळा दार उघडलं होतं.

जंक सिंक्रॉनच्या नॉर्मल समनवरच सॉलम टाकलं असतं तर एक पत्ता गेला असता, सँगन मैदानात राहिला असता. नेगेट झालेला नॉर्मल समनही त्या टर्नचा नॉर्मल समन म्हणून मोजला जातो, त्यामुळे टर्नवाल्याची पाळी तिथेच लंगडी झाली असती. पण ३१०० लाइफ पॉइंटच्या बदल्यात एक पत्ता, हा महाग सौदा. हातात सॉलम स्ट्राइक असतं तर हा प्रश्नच नव्हता: १५०० भरून ते स्पेशल समन किंवा मॉन्स्टर इफेक्ट अडवतं, नॉर्मल समनला हात लावू शकत नाही.

दुसरं दार टोरेन्शियलचं. जंक सिंक्रॉन आला, त्याचा इफेक्ट चेन १, त्यावर टोरेन्शियल चेन २. उलट क्रमाने सोडवायचं: आधी मैदान साफ, जंक आणि सँगन दोघेही गेले. मग जंकचा इफेक्ट. जंक मेला तरी इफेक्ट मरत नाही, डॉपेल परत येतोच. चेन संपल्यावर सँगनचा सर्च. लाइफ पॉइंट एकही गेला नाही, छान वाटतं. पण टर्नवाल्याच्या हातात रिबॉर्न आहे: जंक सिंक्रॉन परत आला, ३ अधिक २, जंक वॉरियर तयार (आपल्या लेव्हल २ पर्यंतच्या मॉन्स्टरांचा अटॅक स्वतःत मिळवणारा सिंक्रो). त्याचा सक्तीचा इफेक्ट चेन १, डॉपेलचा ऐच्छिक चेन २. म्हणजे टोकन आधी पडतात, प्रत्येकी ४०० चे, आणि मग जंक वॉरियर २३०० अधिक ८००, ३१०० चा होतो. टोकनही अटॅकमध्येच येतात. मिळून ३९०० चा मार, आणि समोरच्याचं मैदान रिकामं. अर्थात सॉलम तेव्हाही पालथं असतं. जंक वॉरियरच्या समनवर ते टाकता आलं असतं, पण मग दोन्ही ट्रॅप खर्च.

तिसरं दार स्टारडस्टचं. इथे टोरेन्शियल टाकणं ही सगळ्यात वाईट निवड. समन यशस्वी, म्हणून सँगन चेन १, डॉपेल चेन २, टोरेन्शियल चेन ३, आणि त्यावर स्टारडस्ट स्वतःला ट्रिब्यूट करून चेन ४. टोरेन्शियल नेगेट, टोकन मैदानात, सर्च हातात, एंड फेजला स्टारडस्ट परत. टर्नवाल्याने स्टारडस्ट वापरला नाही असं धरलं तरी टोकन वाचतात, कारण टोरेन्शियल त्यांच्या आधी सुटतो.

म्हणून सॉलम, आणि तेही तिसऱ्या दाराशी: एक पत्ता आणि ३१०० लाइफ पॉइंट देऊन चार पत्ते ग्रेव्हयार्डला, त्यातला स्टारडस्ट रिबॉर्नच्याही आवाक्याबाहेर, बदल्यात टर्नवाल्याला फक्त एक सर्च. त्याला हातात रिबॉर्न आहे हे माहीत नसताना केलेली ही निवड आहे, आणि माहीत असतं तरी हीच करायला हवी होती.

टर्नवाल्यासाठी दुरुस्ती एवढीच. तीन पत्ते ग्रेव्हयार्डला, स्टारडस्ट झोनमध्ये, आणि मग हात टेबलावरून उचलून एक शब्द: "समन ठीक?" समोरचा हो म्हणाला की सँगन चेन १, डॉपेल चेन २, क्रमाने, मोठ्याने. डेकला हात त्यानंतर.